लांब डिकीची गाडी

टेपच्या टोकाचं पत्र्याचं वाकडं नख डिकीच्या काठाला अडकतच नव्हतं — अडकलं असं वाटावं, टेप पुढच्या सीटपर्यंत ओढत न्यावा आणि नखानं निसटून सरसरत परत यावं... चौथ्या वेळी सतीशनं ते गुडघ्याखाली दाबलं आणि मागचं सीट आडवं पाडलेल्या त्या लांबलचक गाडीत अर्धा आत सरकून आकडा वाचला. पाच फूट चार इंच. म्हणजे माया बसते. बसते नाही, मावते. ती पाच फूट एक. उशीला तीन इंच उरतात.

सकाळी हाच टेप त्यानं तिच्या अंगाशेजारी गादीवर पसरला होता, ती झोपली आहे असं समजून. टाचांपर्यंत पोचला तेव्हा डोळे न उघडताच ती म्हणाली होती, "कशाचं माप घ्यायलाव?" आवाजात राग नव्हता. तीन वर्षांत तो कधी दिसलाच नव्हता. "गाडीचं," तो म्हणाला होता, आणि ते खरं असूनही खोटं बोलल्यासारखं अजून त्याच्या जिभेवर बसलं होतं.

"कावून एवढं मोजायलाव?" ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या सुंदररावांनी विचारलं. गाडी त्यांची. सतरा वर्षं तिच्यात कापडाचे गठ्ठे घालून ते आठवडी बाजार करत आले, आता गुडघे गेले म्हणून विकत होते.

"सामान न्यायचं असतं जरा लांब," सतीश म्हणाला.

"मंग हीच घ्या. लई वझं वाहिलंय हिनं. शिरसाळा, तेलगाव, धारूर... एक बाजार चुकवला न्हाई. मी कागदं आनतो, तवर बघा तुमी."

ते भिंतीला धरत आत गेले.

सामान. किती सहज निघालं तोंडातून. बायको आजारी आहे, तिला निजवून न्यायचंय, एवढं सांगायला काय होत होतं? पण सांगितलं की पुढचा प्रश्न येतो — काय झालं? मग तीन वर्षांपूर्वीची मोटारसायकल, मग न दिसलेला स्पीडब्रेकर, मग मागे बसलेली माया... आणि चालवत कोण होतं, हे कुणी विचारत नाही, नुसतं माझ्याकडं बघतात. मला तर खरचटलंही नव्हतं. रेल्वेत सांधेवाल्याचं काम, रोज दुसऱ्यांच्या गाड्या नीट रुळावर घालायच्या, आणि... पुरे.

जमवलेल्या पैशांत बरी म्हणावी अशी गाडी येत नव्हती. येत होत्या त्या छोट्या, मायाला मुडपून बसवावं लागलं असतं. मुडपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दवाखान्याच्या फेऱ्यांना अँब्युलन्स नको, असं ती म्हणे. "त्यातून उतरलं की लोक आधी चादरीकडं बघतात." म्हणून ही. सतरा वर्षांची, रंग उडालेली, पण लांब.

त्यानं चपला काढल्या आणि डिकीत आडवा झाला. गुडघे थोडे वर घ्यावे लागले. छताच्या कापडाला तेलकट डाग होता. काचेतून विजेच्या तारा आणि वीजकेंद्राच्या चिमणीचं टोक एवढंच दिसत होतं. तिला हे दिसेल. रस्ता नाही, माणसं नाहीत, नुसतं वरचं... त्यानं डोळे मिटले आणि गाडी चालू केली, मनातल्या मनात, जशी गेले दोन महिने करत होता. परळी सुटली. धारूरचा घाट आला. माया मागे निवांत. मग तिचं माहेर, दारात सासूबाई, कचरूनं पुढं होऊन बहिणीला उचललेलं, आतल्या खोलीत बाज घातलेली. चहा झाला. आणि मग परत घाट, काचा खाली, वारा, वळणावर एक टपरी, तिथं तो थांबतो, कुणाची औषधाची वेळ झालेली नसते, तो दुसरा चहा सांगतो...

माया कुठं आहे?

तो उठून बसायला गेला आणि डोकं छताला आपटलं. दोन महिने रोज ही गाडी त्यानं चालवली होती आणि प्रत्येक वेळी येताना ती रिकामी होती. दवाखान्यात एकदाही गेली नव्हती. हे त्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं... ठाऊक होतं. फक्त त्यानं तिकडं बघितलं नव्हतं.

"झोपला का काय?" कागदं घेऊन आलेले सुंदरराव डिकीपाशी उभे होते.

"बायकोला न्यायचंय," सतीश म्हणाला. "ती बसू शकत नाही. निजवून न्यायचंय."

सुंदररावांनी कागदांची पिशवी काखेत मारली. "आधी सांगायचं ना, बाबा. मागचे दोनी शॉकअप गेलेत. सामानाला चालतं म्हनून बोललो न्हाई मी. मान्साला न्हाई चालायचं." आणि गाडीचा मागचा भाग हातानं दाबून बघत, "ते बदलून देतो. माज्या खर्चानं. मंगच न्या."

एवढ्याशा चांगुलपणानं त्याला ओशाळल्यासारखं झालं. आपण कुठं न्यायला निघालो आहोत हे कळलं असतं तर यांनी काय केलं असतं?

गॅरेजमधून गाडी निघायला चार वाजले. तो घरी आला तेव्हा मायानं बाजेवरूनच खिडकीकडं मान वळवली होती.

"आवाज मोठा हाय."

"डिझेल आहे. पण हलत नाही. मी हळू आणली."

"निजता येतं?"

"येतं. मी बघितलं निजून."

ती जरा हसल्यासारखी झाली. मग म्हणाली, "परवा तुमची सुट्टी हाय. धारूरला सोडा मला. कचरूशी बोलले मी. त्यानं खोली मोकळी केलीय."

"कधी बोललीस?"

"दोन महिने झाले."

तो बाजेच्या कडेला बसला. दोन महिने. तिला कळलं म्हणून ती बोलली, की त्याच्या आधीच तिला या घरातून, या माझ्या रोज पाय चेपणाऱ्या, कधीही न चिडणाऱ्या हातांपासून सुटायचं होतं? तिनं रडावं, टाकून बोलावं, म्हणजे नाही म्हणता येईल... पण ती शांतपणे बघत होती, आणि इतकी वर्षं पाप म्हणून दडवलेली इच्छा तिच्या तोंडून साधी, धुतल्यासारखी बाहेर आल्यावर आता तिचं काय करायचं हे त्याला सुचेना.

"किती दिवस, ते विचारलं न्हाई तुमी," ती म्हणाली.

त्यानं विचारायला तोंड उघडलं. दुपारी त्या डिकीत पडला असताना या प्रश्नाचं उत्तर त्याला नक्की माहीत होतं — कायमचं. आता तिनं काय म्हणावं असं आपल्याला वाटतंय, तेच त्याला कळत नव्हतं.