खोगिराच्या कडीतली चौथी गाठ

नऊ सप्टेंबर १९७१. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तबेर्नासच्या कोरड्या नदीपात्रात एक माणूस घोडीमागून दोनशे मीटर फरफटत गेला. ठरलेले अंतर चाळीस मीटर होते. माणसाचे नाव हिनेस, वय चौतीस, काम स्टंटमनचे. घोडीचे नाव कनेला. तिच्या पाठीवर जे खोगीर होते, ते मी.

मित्रांनो, आता मी फार जुने झाले आहे. माझे कातडे तडकले आहे, एका बाजूची शिवण उसवली आहे. त्या दुपारबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, घोडी बिथरली. दुसरी, हिनेसने दोरी उशिरा ओढली. दोन्ही खोट्या आहेत. खरी गोष्ट माझ्या कडीत अडकलेली आहे.

माझा जन्म १९६४ साली अल्मेरिया शहरात, क्रिस्तिनो नावाच्या जीनगराच्या दुकानात झाला. क्रिस्तिनोने जन्मभर खेचरांच्या पाठीवरची ओझ्याची खोगिरे शिवली होती. अमेरिकन खोगीर त्याने कधी पाहिले नव्हते. हिनेसने वर्तमानपत्रातून कापलेले एक चित्र त्याच्यापुढे ठेवले.

"पुढं हे शिंग कशाला?" क्रिस्तिनोने विचारले.

"गुरांच्या गळ्यात दोर टाकला की तो बांधायला."

"तुझ्याकडं गुरं आहेत?"

"नाहीत."

"मग?"

"मास्तर, पडद्यावर मी अमेरिकेतला वाटलो पाहिजे."

"तोंड झाक, मग वाटशील," क्रिस्तिनो म्हणाला आणि चित्र भिंतीला टाचून कामाला लागला.

तो थट्टेत बोलला, पण हिनेसचा धंदा तोच होता. परदेशी मंडळी तबेर्नासच्या वाळवंटात येऊन अमेरिकेतल्या बंदूकबाज घोडेस्वारांचे सिनेमे काढत. नायक घोड्यावर बसे, चेहरा दाखवी आणि उतरे. मग नायकाचा कोट, नायकाची हॅट हिनेस चढवी आणि घोड्यावरून पडे. छतावरून पडणारा तो, पाण्याच्या टाकीवरून पडणारा तो, खाणावळीच्या खिडकीतून बाहेर येणारा तो. काही वेळा स्वतःवर गोळी झाडणाराही तोच असे, कारण त्या दिवशी खलनायकाच्या गुडघ्याला सूज असे.

त्याच्या कामासाठी माझ्यात तीन बदल झाले. डावी रिकीब एका बाजूने उघडी ठेवली, म्हणजे पडताना पाय अडकणार नाही. शिंगाखाली लपवून हाताला एक मूठ दिली. आणि मागच्या बाजूला, कातड्याच्या झापेखाली, एक जाड लोखंडी कडी बसवली.

त्या कडीविषयी सांगितले पाहिजे. फरफटीचे दृश्य असले की कडीत एक फास बांधत. त्या फासात एक दोर अडकवत आणि दोराचे दुसरे टोक हिनेसच्या कोटाखालच्या पट्ट्याला. फासाला जोडलेली एक बारीक दोरी हिनेसच्या मुठीत. ती ओढली की फास सुटे, घोडी पुढे जाई, माणूस मागे धुळीत राही. कनेलाला शिकवले होते की मागचे ओझे सुटेपर्यंत धावायचे, सुटले की थांबायचे. ती दालचिनीच्या रंगाची घोडी होती आणि शिकवलेले विसरत नसे.

तो फास बांधायचा तोर्क्वातो. तो ग्वादिक्सकडचा, खेचरे हाकणाऱ्याचा मुलगा. हिनेसपेक्षा वर्षाने लहान, वजनाने दुप्पट. दोघे एकाच वर्षी या धंद्यात आले. एक पडे तेव्हा दुसरा बांधे.

"काय रे, आज किती वेळा मरायचंय?" तोर्क्वातो सकाळी विचारी.

"तीनदा. दोनदा जेवणाआधी."

"मग जेवण कशाला वाया घालवतोस? मला दे."

"तुला दिलं तर घोडी मरेल."

त्यांच्यात एक नियम होता. ज्याला फरफटत जायचे आहे त्याने स्वतःची गाठ स्वतः बांधायची नाही, कारण स्वतःसाठी माणूस घाई करतो. सोबत्याने बांधायची. फरफटणाऱ्याने आपल्या जागी उभे राहून दोरी तीनदा ओढायची. तिन्ही वेळा फास सुटला की सोबती चौथ्यांदा बांधणार, आणि ती चौथी गाठ कॅमेऱ्यासाठी. चौथीला हात लावायचा नाही. ती तपासणे म्हणजे सोबत्याच्या हातावर संशय घेणे. असे कुणी केले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी गाठ बांधायला कुणी मिळत नसे.

सात वर्षे हा नियम चालला. सात वर्षांत हिनेस एकशे चौसष्ट वेळा मेला. पहाटे तो स्वतः नदीपात्रात पडण्याची जागा खणी आणि वाळू चाळून घेई. चाळणी घरातली असे.

"माझी मसुराची चाळणी परत नेलीस ना?" त्याची बायको रेमेदिओस दारातून ओरडे. "काल डाळीत खडा आला! तुझी पाठ शाबूत, माझा दात गेला!"

उन्हाळ्यात गावच्या उघड्या मैदानात पडदा लागे. हिनेसचा चेहरा पडद्यावर कधीच येत नसे, पण गाव त्याला पडण्यावरून ओळखी. पडताना त्याचा डावा हात हॅटवर जाई. हॅट उडाली तर खालचे टक्कल दिसेल, अशी त्याला धास्ती. "तो बघा, आपला मेला!" असे ओरडत लोक टाळ्या वाजवत. त्याची आई फेलिपा प्रत्येक वेळी छातीवर क्रूसाची खूण करी, मुलगा शेजारच्या खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत असला तरी. त्या दिवसांत मला रोज तेल मिळे. एका परदेशी दिग्दर्शकाने चांगल्या फरफटीनंतर मला थोपटले होते. हिनेसला थोपटायचे त्याला सुचले नाही. ते माझे सगळ्यात चांगले दिवस.

आता ती दुपार.

सकाळच्या तालमीत माझ्या कडीतली फासाची वादी तुटली. कातड्याची होती, जुनी झाली होती. हिनेस तेव्हा तंबूत नायकाचा कोट अंगावर बसवून घेत होता. दुसरी वादी सामानाच्या गाडीत होती आणि गाडी दोन टेकड्यांपलीकडे. तोर्क्वातोने खेचराच्या ओझ्यावरची एस्पार्तोची दोरी घेतली. एस्पार्तो हे या उजाड भागात उगवणारे गवत. त्याच्या दोऱ्या, टोपल्या, चपला सगळे होते. दोरी मजबूत होती. तोर्क्वातोने ती बादलीत बुडवली, पिळली आणि बांधली.

त्यात त्याला काही वेगळे वाटले नाही. त्याच्या बापाने आणि आज्याने एस्पार्तो कधी कोरडे बांधले नव्हते. कोरडे बांधले तर ते चिरते. ओले बांधले की हाताला वळते, आणि वाळले की लाकडासारखे होते. घाट चढताना ओझे सरकत नाही. खेचरवाल्याला तेच हवे असते. हात विचार करत नाहीत, मित्रांनो. ते शिकलेले करतात.

हिनेस बाहेर आला. घोडीमागे आपल्या जागी उभा राहिला. गाठ झापेखाली होती, त्याला दिसत नव्हती. त्याने दोरी ओढली. ओला फास लोण्यासारखा सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदाही.

"झकास," तो म्हणाला. "बांध."

तोर्क्वातोने चौथी बांधली. तेव्हा साडेबारा झाले होते.

मग परदेशी मंडळी जेवायला बसली. जेवणानंतर नायकाचा घाबरलेला चेहरा टिपायचा होता. नायकाला घाबरायला दोन तास लागले. घोडीला वारा लागावा म्हणून मला उतरवून कठड्यावर ठेवले होते. पाठ उन्हाकडे, कडी उन्हाकडे. झाप उलटलेली होती. गाठ आक्रसत गेली, ते मला कळत होते. मला हात नाहीत आणि तेव्हा माझे ऐकणारेही कुणी नव्हते.

चार वाजता मला पुन्हा कनेलावर चढवले. तोर्क्वातोने झाप खाली केली आणि दोर अडकवला. हिनेस जमिनीवर आडवा झाला. गोळी वाजली. घोडी सुटली.

चाळीस मीटरांवर हिनेसने दोरी ओढली. अगदी खुणेच्या दगडापाशी. मला तो झटका कडीत जाणवला. त्याने पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी. गाठ हलली नाही. मागचे ओझे सुटले नव्हते, म्हणून कनेला धावत राहिली. शेवटी एका घोडेस्वाराने तिला आडवे जाऊन अडवले. तोर्क्वातो धापा टाकत आला आणि त्याने चाकूने दोर कापला. गाठ कडीतच राहिली. त्याने झाप उचलली, गाठ पाहिली, बोटाने दाबली आणि झाप पुन्हा खाली सोडली.

कंपनीच्या कारकुनाने विचारले, "काय झालं?"

तोर्क्वातो म्हणाला, "घोडी बिथरली."

कागदावर तेवढेच लिहिले गेले. तिसऱ्या दिवशी कनेलाला लॉरीत चढवून नेले. ती परत आली नाही.

हिनेसचे कंबरेचे हाड मोडले होते आणि डोक्याला मार बसून घोडी सुटल्यानंतरचे काही त्याला आठवत नव्हते. चार महिन्यांनी तो दोन काठ्यांवर घरी आला. त्याने पहिला प्रश्न घोडीचा विचारला. बिथरली म्हणून तिला लॉरीत घालून नेले, असे त्याला सांगितले.

"ती बिथरली नव्हती," तो मग म्हणाला. "शिकवलं तेच तिनं केलं. ती चुकली नाही, आणि गाठ तोर्क्वातोची, ती चुकणार नाही. मग उरलं कोण? मीच. माझा हात."

मला घरामागच्या शेडमध्ये टांगले. त्याला माझ्याकडे पाहवत नसे. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. काही वर्षांत परदेशी मंडळी येईनाशी झाली. सिनेमासाठी उभारलेले लाकडी गाव, बँक, फाशीचा खांब सगळे वाळूत तसेच उभे राहिले.

तोर्क्वातो मात्र दर रविवारी येई. अंजिरे आणी, डोमिनोची पेटी उघडी.

"किडकी आणलीस," रेमेदिओस म्हणे.

"किडा गोड अंजिरातच जातो, बाई. तुझ्या घरी मीच येतो ना?"

खेळ खेळता खेळता हिनेस तोच प्रश्न विचारी. खिडकीतून मला ऐकू येई.

"खरं सांग. मी उशिरा ओढली ना?"

"तुझा डाव आहे, भावा."

"तू बघत होतास."

"धूळ होती. डाव खेळ."

पुढे त्या लाकडी गावात पर्यटकांसाठी खेळ सुरू झाला. तोर्क्वातो तिथे शेरीफ झाला आणि रोज बारा वाजता व पाच वाजता मरू लागला. त्याने रेमेदिओसकडे मला मागितले. "सडण्यापेक्षा घेऊन जा," ती म्हणाली. वीस वर्षे त्याने मला सांभाळले. शिवणी घातल्या, दर आठवड्याला तेल लावले. फक्त मागची झाप त्याने उचलली नाही. चाकू त्याच्या कमरेला असे. गाठ कापून फेकायला एक क्षण पुरला असता. त्याने ती कापली नाही, दाखवलीही नाही. मी त्याला क्रूर म्हणणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की तेल लावताना त्याचा हात कडीपाशी येऊन थांबे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरातही असतील. त्यांना अधूनमधून उचलून पाहा, झापेखालीही पाहा. आणि ज्या गाठीवर कुणाचा जीव टांगलेला असेल, ती चौथ्यांदाही तपासा. बांधणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. राग दोन दिवसांत उतरतो.

गेल्या गुरुवारी रेमेदिओस त्या लाकडी गावात आली. खेळ नुकताच संपला होता. तोर्क्वातो कपड्यावरची धूळ झटकत होता.

"दवाखान्यातून घरी पाठवलंय त्याला," ती म्हणाली. "फुफ्फुसात काही राहिलं नाही म्हणे. रविवारपर्यंत थांबू नकोस."

"बोलतोय का?"

"बोलतोय. नको ते बोलतोय. काल म्हणाला, माझ्या थडग्यावर नाव घाला, पण स्टंटमन लिहू नका. ज्याला दोरी वेळेवर ओढता आली नाही, त्याला कुणी स्टंटमन म्हणत नाही." तिने रुमालाने नाक पुसले. "तेहेतीस वर्षं मी हेच ऐकतेय. तू तरी त्याला समजाव. तू तिथं होतास."

पाच वाजताच्या खेळात त्या दिवशी तोर्क्वातो मरायला उभा राहिला नाही.

आज सकाळी त्याने मला खांद्यावर घेतले. हिनेसच्या घरापर्यंत चढ आहे. वाटेत तो चार वेळा थांबला. घरात शिरून त्याने मला हिनेसच्या मांडीवर, गोधडीवर ठेवले.

"हे कशाला आणलंस?" हिनेसने विचारले. त्याचा आवाज शिट्टीसारखा येत होता.

"तुझं आहे."

"जाड झालास तू. पूर्वी धापा टाकत नव्हतास."

"पूर्वी तू हलकं काम देत होतास."

हिनेस हसला आणि खोकला. मग त्याची बोटे माझ्यावरून फिरू लागली. त्याला आता नीट दिसत नाही. शिंग, त्याखालची मूठ, उघडी रिकीब. हात मागे गेला. त्याने झाप उचलली. बोटे कडीवर आली आणि थांबली. त्याने गाठीवर नख घातले. नख आत गेले नाही.

या गावात एस्पार्तो हाताने न ओळखणारा माणूस नाही.

"तोर्क्वातो," तो सावकाश म्हणाला, "वादी कुठं गेली?"

हिनेसने गाठ पुन्हा चाचपली.

"ही ओली बांधलेली आहे."

आता अकरा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. रेमेदिओसने ठेवलेली कॉफी दोघांनीही घेतलेली नाही. हिनेसचा अंगठा गाठीवर आहे. तोर्क्वातोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आहे. त्याने अजून तोंड उघडलेले नाही. तो उठूनही गेलेला नाही.