भलत्याच शिक्क्याचा उतारा

बोलतोय तो मी एक सरकारी कागद आहे. व्हर्लीन टिडवेल नावाच्या बाईंनी जन्मभर गाडी कशी चालवली, त्याचा उतारा. म्हणाल, कागदाला कसली आलीय तोंडपाटिलकी? ऐकून तर घ्या. माझ्यावर सही आहे, शिक्काही आहे, आणि तरी मला कुत्रं विचारत नाही.

माझा जन्म टेक्सासच्या राजधानीत, एका यंत्राच्या पोटात झाला. वर नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर. खाली 'अपघात: नाही. गुन्हे: नाही.' झालं, संपलो मी. एक्कावन्न वर्षं गाडी हाकली, त्याचे हे दोन 'नाही'! आमच्या कुळातच खोट आहे. आमच्यावर माणसाचं वाईट तेवढं लिहितात. चांगल्यासाठी रकानाच ठेवलेला नाही.

असता, तर काय लिहिलं असतं सांगू? व्हर्लीनबाई एकाहत्तर वर्षांच्या. पाइनच्या जंगलातलं गाव, तिथल्या चर्चची व्हॅन त्या फुकट चालवायच्या. आठवड्यातून तीनदा ओडेल प्रुइटला चाळीस मैलांवर डायलिसिसला न्यायच्या. ओडेल लाकडाच्या गिरणीत राबून म्हातारा झालेला, साखरेपायी एक पाय गेलेला, मागेपुढे कुणी नाही. व्हॅनला त्याची चाकाची खुर्ची उचलून घेणारी फळी होती. तसली गाडी गावात दुसरी नव्हती.

वाटभर तो बाईंना डिवचायचा. म्हणायचा, व्हर्लीन, आपल्या पुढे गेलेलं ते कासव होतं, बघितलंस ना?

आणि अशा बाईंना वेगाचं चलन मिळालं! परतीच्या वाटेवर ओडेलला उलट्या सुरू झाल्या, बाईंचं लक्ष आरशात. शेजारच्या गावाच्या वेशीवर वेगाची मर्यादा सत्तरवरून एकदम पस्तीसवर येते, ती पाटी त्यांना दिसलीच नाही. पोलिसाला मात्र त्या बरोबर दिसल्या.

चलनाचं एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. पण चर्चच्या विमेवाल्यांची अट होती: सत्तरीपुढच्या चालकाच्या नावावर एकही गुन्हा नको. गुन्हा चढला की व्हॅन सुटली. व्हॅन सुटली की ओडेलचं डायलिसिस सुटलं.

सुटकेची वाट होती. कोर्टाने सांगितलं, गाडी नीट चालवायला शिकवणाऱ्या सहा तासांच्या वर्गाला बसा, त्याचं प्रमाणपत्र आणि गाडी चालवण्याचा प्रमाणित उतारा नव्वद दिवसांत आणून द्या, चलन रद्द करू. बाई एका पिझ्झाच्या दुकानामागच्या खोलीत सहा तास बसल्या. पोरासोरांत एकट्या त्यांनीच वहीत टिपणं घेतली.

मग उताऱ्याचा अर्ज. त्यात चौकटी होत्या. साधा उतारा स्वस्त, सरकारी शिक्क्याचा प्रमाणित थोडा महाग. बाईंनी साध्यावर खूण केली. कंजूषपणा नव्हता हो! शिक्क्याचे पैसे कशाला द्यायचे, शिक्का तर बर्निस मारेल, असा सरळ हिशोब होता.

बर्निस म्हणजे बँकेतली नोटरी, बाईंची शाळासोबतीण. इकडच्या लोकांना नोटरीच्या शिक्क्याचं भारी वेड. मृत्युपत्र असो, जुनी गाडी विकायची असो, एकदा बर्निसचा शिक्का बसला की माणूस घरी जाऊन निवांत झोपतो. बर्निस बिचारी म्हणाली होती, "मला कागद खरा आहे असं म्हणता येत नाही गं. तू सही कर, मी ती बघते, एवढंच."

बाईंनी माझ्या पायाशी वळणदार सही केली. बर्निसने शिक्का दाबला. काय सांगू, मी फुलून गेलो. वाटलं, आता आपण ओडेलला तारणार.

वर्ग, अर्ज, टपाल यांतच आठवडे सरले होते. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी बाई मला कोर्टाच्या खिडकीशी घेऊन गेल्या. खिडकीतल्या मुलीने मला उलटसुलट केलं.

"बाई, यात फक्त एवढंच आहे की ही सही तुमची आहे."

"मग? माझीच आहे."

"ते आम्ही विचारलंच नव्हतं."

आवाजात राग नव्हता तिच्या, तेच जास्त लागलं. कॉम्प्युटरवर लायसन्सचा नंबर टाका, प्रमाणित उतारा आजच्या आज निघेल, असंही ती म्हणाली. पण गेल्याच महिन्यात शेरीफने चर्चमध्ये येऊन म्हाताऱ्यांना बजावलं होतं, लुबाडणारे टपलेत, मेलात तरी कॉम्प्युटरला नंबर सांगू नका. बाई आज्ञाधारक. त्यांनी पुन्हा चेक लिहिला, पुन्हा पाकीट टपालात टाकलं.

नव्वद दिवस उलटले. न्यायाधीशांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्यानेच पळवाट पुढे केली. विचारलं, "टपालाला उशीर झाला का?" हो म्हणायचं, बस्स! मी पर्समध्ये तळमळत होतो. हो म्हणा, बाई, एकदाच खोटं बोला.

"टपाल वेळेवर आलं," बाई म्हणाल्या. "मीच चुकीचा मागवला."

गुन्हा चढला. त्यानंतर दोन दिवसांनी माझा प्रमाणित भाऊ टपालाने आला. बैल गेला नि झोपा केला! आम्ही शेजारी शेजारी पडलो होतो, मी वाचून पाहिलं. शब्दाला शब्द तोच. तेच दोन 'नाही'. मला त्याचा राग आला, माझाही आला, आणि खरं सांगायचं तर त्या खरं बोलणाऱ्या बाईंचा सगळ्यात जास्त आला.

विमेवाल्यांनी आपला वेगळा उतारा मागवला. त्यात गुन्हा होता. चर्चचे पास्टर टोपी हातात धरून आले, खाली मान घालून व्हॅनची किल्ली घेऊन गेले. व्हॅनच्या विम्यात दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं, आणि बाकीचे नोकरदार, दिवसा कोण मोकळं असणार? जमेल तेव्हा दोघं-तिघं ओडेलला उचलून आपल्या पिकअपमध्ये घालायचे. आठवड्यातून आधी तीनदा, मग एकदा. मग तोच नको म्हणायला लागला. "लोकांना माझं ओझं होतं," म्हणाला.

बाई त्याच्याकडे मक्याचा पाव घेऊन गेल्या, मी पर्समध्ये होतोच. त्या रडत होत्या. त्याने सुजलेला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"तू जोरात गाडी चालवलीस, हे मी तरी मानणार नाही, व्हर्लीन."

मार्चमध्ये ओडेल गेला.

आज मी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा पडलोय. माझी पाठ कोरी होती, ती त्यांना कामी आली. दफनानंतरच्या जेवणाला कोण काय आणणार, त्याची यादी त्या लिहितायत. हॅम: बर्निस. बटाट्याचं सॅलड: पास्टरच्या घरून. पेकनच्या दाण्यांचं गोड: मी.

कागदावर राज्य करणाऱ्यांनो, शिक्के तुमचे तुम्हाला लखलाभ. माझं एवढंच मागणं आहे, आमच्यावर एक रकाना वाढवा. या माणसाने कुणाला कुठे पोचवलं, एवढं लिहिण्यापुरता.

यादीच्या शेवटी बाईंनी लिहिलं, 'म्हाताऱ्यांना दफनभूमीत नेणारी व्हॅन:' आणि पेन थांबलं. सवयीने त्या आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहून बसल्या होत्या. ते त्यांनी खोडलं. पुढची जागा अजून रिकामीच आहे.