अंगणातल्या धावपट्टीची तोफ

मित्रांनो, अंगठ्याच्या नखाएवढा पुठ्ठ्याचा एक चौकोन डोळ्यांसमोर आणा. कडा झिजलेल्या, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. तो चौकोन म्हणजे मी. माझ्या अंगावर विमानं पाडणारी तोफ छापलेली आहे.

मोठ्या पुठ्ठ्यावर माझ्यासोबत बरीच भावंडं छापली गेली : विमानं, जहाजं, शिपाई. प्रशांत महासागरातल्या लढाईचा खेळ आमचा. एकाने बेटावरच्या विमानतळावर चाल करून जायचं, दुसऱ्याने तो राखायचा. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या रोहनने आम्हाला विकत घेतलं आणि बदली झाली तेव्हा कवठे येमाईला दिलेल्या आपल्या बहिणीच्या, सुलक्षणाच्या, हवाली केलं.

सुलक्षणा आणि तिची धाकटी जाऊ अनिता यांची घरं एकाच अंगणात समोरासमोर. दुपारची कामं उरकली की दोघी अनिताच्या ओट्यावर पट मांडत. नियम इंग्रजीत, मोबाईलवर अर्थ बघत बघत शिकल्या. सुलक्षणा हल्ला करायची, अनिता विमानतळ राखायची. मला धावपट्टीच्या तोंडाशी ठेवून अनिता म्हणायची, “ही माझी वाघीण.” तेव्हा माझी छाती फुगायची. पुठ्ठ्याला छाती नसते म्हणा, पण फुगायची.

मग गावात सोसायटीची निवडणूक लागली. सुलक्षणाचा नवरा सत्यजीत एका पॅनेलमध्ये, अनिताचा नवरा विश्वजीत दुसऱ्यात. सख्खे भाऊ, पण प्रचारात नको ते बोलून बसले. निकाल लागला, राग काही उतरला नाही. अंगणात मधोमध तारेचं कुंपण आलं.

आमचा डाव अर्ध्यावरच राहिला. माझे सगळे सोबती पडले होते. सुलक्षणाची बॉम्बफेकी विमानं थेट माझ्या डोक्यावर होती आणि अनिताने फासा टाकायचा बाकी होता. पाच किंवा सहा पडले तर विमानं पडणार, नाहीतर विमानतळ गेला. अनिताने पट तसाच अलगद दिवाणाखाली सरकवला. धूळ बसली, मुंग्या अंगावरून गेल्या. कुणी विचारलं नाही. तरी मी जागा सोडली नाही, मित्रांनो.

एका सकाळी दोघेही भाऊ आपापल्या दारात चहा पीत होते. सुलक्षणा पदर खोचून सरळ तारेखालून वाकून पलीकडे आली.

“अनिता, पट काढ. तुझा फासा राहिलाय.”

“जाऊबाई, हे समोरच बसल्यात...” अनिता पुटपुटली.

“बसू देत की. निवडणूक त्यांची झाली, आपली लढाई अजून व्हायचीय.”

सासूबाई, सोजराबाई, खांबाला टेकून बघत राहिल्या. पट ओट्यावर आला. अनिताने फुंकर मारून माझी धूळ उडवली, फासा हातात घोळवला आणि टाकला. तो पटाच्या कडेला अडून तिरका उभा राहिला.

“पाच! पाचच हाय त्यो!” विश्वजीत उठून उभा राहिला.

“तिरका पडलाय,” तारेपलीकडून सत्यजीत गरजला. “परत टाकाय लागंल.”

“आरं दादा, दिसंना व्हय तुला? पाच हाय!”

“नियम म्हंजी नियम, इश्या!”

निवडणुकीनंतर दोघं भाऊ पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले होते.

“बोललात की रं,” सोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

विश्वजीतने मान खाली घातली. मग अनिताला म्हणाला, “टाक परत. दादाचं बराबर हाय.”

फासा पुन्हा घरंगळला. सहा!

बॉम्बफेकी विमानं पटावरून उठली. विमानतळ राखला गेला, तोही मी एकटीने. सुलक्षणा “हरले गं बाई!” म्हणत खळखळून हसली. सत्यजीत तार ओलांडून आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, “आता मी हल्ला करतो. बघू ही तोफ किती टिकती.”

“बस की,” विश्वजीत म्हणाला. “अनिता, दादाला च्या आण.”

तार अजून आहे, पण तिला आता जायला-यायला वाट आहे. आणि मी अजून धावपट्टीवर आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे तुकडे असतील. केर काढताना सुपलीत जाऊ देऊ नका. मांडलेला डाव रागाने उधळू नका. आम्ही पुठ्ठ्याचे असलो तरी थांबायला तयार असतो. समोर बसायला तुम्ही या.