छाती मोकळी आहे

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर शिवबाई थांबल्या, पदराआड दम्याचा निळा पंप दोनदा ओढला आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांसमोर धापा टाकत जायचं म्हणजे पाहुण्यांपुढं पारोसं बसणं, असं त्यांना वाटे. चांगली शहाणीसुरती बाई, पण दमा दाखवायला निघाली ती दमा झाकून!

आत डॉक्टरांनी विचारलं, "रात्री झोप लागते?"

"लागती की!" उत्तर नवऱ्यानं, रेवणसिद्धअण्णांनी दिलं. ते हॉलमध्ये घोरत पडत. आत बायको भिंतीला टेकून बसल्या बसल्या पहाट करते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"घरात धूर, ठसका लागेल असं काही?"

"कुटलं हो! फ्लॅट हाय."

डॉक्टरांनी शिवबाईंकडं पाहिलं. "तुम्ही सांगा."

शिवबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मिरच्या भाजून, उखळात शेंगाचटणी कुटून विकते म्हटलं, की हा भला माणूस आधी तेच बंद करणार. जन्मभर कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. या चटणीमुळं पुण्या-मुंबईची माणसं त्यांचं नाव घेऊन फोन करत. तेवढं त्यांना सोडवेना.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. मघाचा पंप आपलं काम चोख करत होता.

"छान! छाती एकदम मोकळी आहे. रोजचा तो दुसरा, नारिंगी पंप आता दोनऐवजी एकच वेळ घ्या."

अण्णा निवडणूक जिंकल्यासारखे जिना उतरले.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी चटणी कुटता कुटता शिवबाई मागं रेलल्या, त्या उठेनात. निळा पंप पुन्हा पुन्हा ओढला, पण फरक पडेना. अण्णांनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"काय करत होत्या बाई?"

"काय न्हाय हो सायेब. घरातच हुती बसून."

अण्णा खोटं बोलत नव्हते. स्वयंपाकघरातल्या कामाला त्यांनी कधी काम म्हटलंच नव्हतं.

शिवबाईंनी जोरानं मान हलवली, तिखटानं लाल झालेला हात उखळाकडं केला. अण्णांना वाटलं, पाणी मागतीय. फोन फरशीवर ठेवून ते तांब्या आणायला धावले.

"लगेच रिक्षा करून घेऊन या," डॉक्टर सांगत होते. "हॅलो? बाई, तुम्ही बोला बघू. काय झालं?"

मध्ये बोलायला आता कुणी नव्हतं. शिवबाईंना सगळं सांगायचं होतं, चटणी सुटली तर सुटू दे. फोनवर वाकून त्यांनी तोंड उघडलं. नुसती शीळ आली.