आधी मिस्टर पेलना न्या

गुरुवारी सकाळी बेरिल थॅकरी कोट चढवून, लोकरीची टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. इस्पितळात नेणारी गाडी यायची होती. दुपार कलली तरी बाई कोटातच होती.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. एक खेप चुकली तर माणूस कसाबसा तग धरतो. दुसरीही चुकली तर स्वतःच्याच अंगातल्या पाण्यात बुडायला लागतो. बेरिलला हे पक्कं ठाऊक होतं. लिंकनशायरच्या किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे इंग्लंडचं टोक. इस्पितळ लांब, आणि बस नावालाच. अशा आजाऱ्यांची ने-आण करायला सरकार बांधील होतं. सरकारनं ते काम एका कंपनीच्या गळ्यात घातलं, कारण कंपनी सगळ्यांत स्वस्तात करते म्हणाली. ती स्वस्तात करते तरी कशी, हे विचारायची तसदी एकाही शहाण्यानं घेतली नाही. गाड्या कर्जाच्या, डिझेल उधारीचं, सरकारकडून आलेला पैसा मागच्या कर्जाचं व्याज भागवायला, आणि एवढं करून मालकांचा नफा मात्र वेळच्या वेळी. याची टोपी त्याच्या डोक्यावर. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं असं केलं तर गाव त्याला लबाड म्हणतं. सुटाबुटातल्यानं केलं की त्याला कंत्राट मिळतं.

दुपारी इस्पितळातून कोलेट नर्सचा फोन आला. कंपनी म्हणतेय की आज यायचं नाही असं तुम्हीच कळवलंत, हे खरं का, असं तिनं विचारलं.

बेरिलनं काहीच कळवलं नव्हतं. पण तिच्या मनात आलं, क्लाइव्हची काहीतरी चूक झाली असेल. क्लाइव्ह म्हणजे तिचा नेहमीचा ड्रायव्हर, भला माणूस. खरं सांगितलं तर त्याच्या पोटावर पाय यायचा. शिवाय मासळीच्या कारखान्यात कामाला असताना बर्फानं बोटं फुटली तरी तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. या गावात गाऱ्हाणं सांगणं म्हणजे चारचौघांत कपडे काढण्यासारखं.

"असेल तसं," ती म्हणाली. "मी ठीक आहे. आधी मिस्टर पेलना बघा, त्यांना माझ्याहून जास्त त्रास आहे."

पेल आणि मार्जरी हे तिच्याच गाडीनं यंत्रावर जाणारे आजारी. कोलेट म्हणाली, मिस्टर पेलही हेच म्हणाले, तुमचं नाव घेऊन. तेव्हा दोघींना त्याचं हसू आलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शुक्रवारी बेरिलचे पाय पावासारखे फुगले. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून तिनं खुर्चीतच बसून राहायचं ठरवलं. शेजारची ऑड्री सूप घेऊन आली आणि पाय बघून चरकली. अँब्युलन्स बोलाव, म्हणाली.

"अगं, ती खऱ्या आजाऱ्यांसाठी असते," बेरिल म्हणाली.

"आणि तू काय इथे हवापालटाला आलीयेस?"

तरीही बेरिलनं फोनला हात लावू दिला नाही. उद्या शनिवार, उद्या गाडी येईलच, एवढंच म्हणत राहिली.

शनिवारी गाडी आली ती क्लाइव्हची स्वतःची, मागचं दार चेपलेली. अंगावर कंपनीचा गणवेश नव्हता. दारातच त्यानं सगळं सांगून टाकलं. कंपनी बुडाली होती. सावकारांच्या माणसांनी बुधवारीच गाड्या उचलून नेल्या. चुकलेल्या दर खेपेला कंपनीला दंड होता, म्हणून फोनवरच्या मुलींना कालपर्यंत बसवून ठेवलं होतं, आजाऱ्यांनीच नको म्हटलं असं सांगायला. क्लाइव्हला वाटलं होतं की त्याच्या माणसांना दुसरं कोणी नेत असेल. काल मासळीच्या दुकानात पेलची मुलगी भेटली, तेव्हा त्याला कळलं की कोणीच कोणाला नेलेलं नाही.

बेरिलनं सवयीनं तोंड उघडलं. तू आधी मिस्टर पेलना...

"पुरे!" क्लाइव्ह म्हणाला. "पेलसाहेबांच्याच दारातून येतोय. ते म्हणतात आधी बेरिलला ने. ती मार्जरी म्हणते आधी पेलना. गाडीत जागा तिघांना आहे आणि बसायला एक तयार नाही. एकमेकांना पुढे करत करत तिघं एकाच दिवशी जाणार आहात का? मग फुलंही एकदमच घेतो."

बेरिलनं चौकट धरली. पायरी डोळ्यांपुढे हलत होती. आपण आज गेलो नाही तर सोमवार बघणार नाही, हे तिला गुरुवारपासून कळत होतं. नुसतं म्हणायचं राहिलं होतं.

"मला श्वास घेता येत नाहीये, क्लाइव्ह," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय."

त्यानं तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. मग पेलच्या फाटकाशी बेरिलनंच काच खाली केली आणि, मी बसलेय, आता तुम्हीही या, असं बजावलं. म्हातारा निमूट आला. मागोमाग मार्जरीही.

इस्पितळात कोलेटनं तिघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता धावपळ सुरू केली. सुया लागल्या, यंत्र घुमू लागलं. पहिला तासभर बेरिल छताकडे बघत नुसते श्वास मोजत होती. मग मोजणं कधी सुटलं, तिला कळलंच नाही. छातीवरचं ओझं उतरलं होतं. कोणीतरी टोस्ट आणून दिला आणि तो तिला चक्क गोड लागला.

शेवटी कंत्राट देणाऱ्या सरकारी खात्याचे एक साहेब आले, गळ्यात ओळखपत्र. सोमवारपासून ने-आण सरकारी अँब्युलन्सवालेच करणार, आजही तेच घरी सोडणार, आणि जुन्या ड्रायव्हरांना सामावून घेणार, असं त्यांनी सांगितलं. क्लाइव्हचं नाव लिहून घेतलं. मग हसून म्हणाले, "म्हणजे आता सगळं ठीक ना?"

सगळे माना हलवणार, इतक्यात बेरिल बोलली.

"नाही. मी मरत होते. तुम्ही ज्यांना काम दिलंत, त्यांच्या खिशात दमडी नव्हती आणि तुम्ही खिसा बघितलाही नाही. हे आधी ऐका, मग हसा."

साहेबांचं हसू मावळलं. पलीकडून पेलनं खोकून दुजोरा दिला.

परतीला अँब्युलन्स किनाऱ्याच्या रस्त्याला लागली तशी पेलची कुरकुर सुरू झाली. सीट कडक आहे, वारा आत येतोय, आणि हा मुलगा खड्डा शोधून शोधून गाडी घालतोय. मार्जरीनं डोळे मिटून घेतले. बेरिल ऐकत राहिली. एवढं गाऱ्हाणं करण्याइतका दम त्याच्या छातीत आला होता. ती म्हणाली, "बोला, मिस्टर पेल, अजून बोला," आणि पाय लांब करून बसली.