हलकं चाक

हिलाल गाडीखालून सरकत बाहेर आला आणि त्याने पीठ मागितलं.

रमिलाबाई ओट्यावर तूर निवडत होती. गाडीलाच पीठ चारलं तर घरात भाकरी कशाची करायची, असं ती म्हणाली. पण उठली आणि दादर ज्वारीचं वाटीभर पीठ घेऊन आली. तिचे सासरे, पितांबर पाटील, लिंबाखालच्या खाटेवर बसले होते.

गाडी अमेरिकन होती. लांबलचक, आणि स्टिअरिंगचं चाक डाव्या हाताला. कळसाडी गावात तशी दुसरी नव्हती. पाटलांनी ती वापरलेली, मुंबईहून आणली ती पत्नी वत्सलाबाईंसाठी. वाताने त्यांचे गुडघे धरले होते, बैलगाडीत चढणं जमत नव्हतं. या गाडीतून त्या दोनदा माहेरी, प्रकाशा गावी, जाऊन आल्या. पुढे रस्त्याचे धक्के सोसवेनात. मग दुपारची जेवणं झाली की त्या उभ्या गाडीत चाकामागे जाऊन बसायच्या आणि पाटलांना इंजीन चालू करायला सांगायच्या. इंजीन चालू असलं की पंप तेलाच्या जोरावर चाक हलकं करी, आणि ते एका बोटाने फिरायचं. पाय नही तं काय, हात शेतस ना, असं म्हणत त्या वाकड्या झालेल्या बोटांनी चाक पार डावीकडे न्यायच्या, कारण फाटकाबाहेर प्रकाशाचा रस्ता डावीकडे होता. पाटील शेजारी बसायचे. हे केळीचं रान, हा घाट, हे महादेवाचं देऊळ, असं त्या सांगत जायच्या. गाडी जागची हलत नसे.

वत्सलाबाईंना जाऊन सहा महिने झाले. मधल्या काळात गाडीखाली लालसर तेलाचे थेंब पडू लागले. वेचणीच्या दिवसांत हवेत उडणारा कापूस त्यांना चिकटून राही. बारा दिवसांपूर्वी चाक दगडासारखं जड झालं, आणि त्या दिवसापासून पाटील ताटावरून अर्ध्यात उठू लागले. रमिलाबाईनेच शहाद्याला निरोप धाडून हिलालला बोलावलं होतं.

हिलाल ट्रॅक्टरचा आणि पाण्याच्या इंजिनांचा फिटर. अशी गाडी त्याने पहिल्यांदाच उघडली होती. आल्या आल्या त्याने सोपा उपाय सांगितला होता.

“आबा, पंपना पट्टा काढी टाकू. गळनं बंद व्हई. चाक जड पडी, पन गाडी चाली.”

“जड नको,” पाटील म्हणाले होते. “पहिलासारखं कर.”

आता त्याने सगळे पाइप रॉकेलने पुसून कोरडे केले आणि त्यांवर पीठ भुरभुरलं. जिथून तेल येईल तिथलं पीठ लाल होईल, असं त्याने रमिलाबाईला समजावलं. गाडीबरोबर आलेल्या डब्यातलं तेल भरून त्याने इंजीन चालू केलं, बाहेर उभं राहून डाव्या खिडकीतून हात घातला आणि चाक फिरवलं. खाली वाकून पाहिलं. उजवीकडे नेलं, काही नाही. मधे ठेवलं, काही नाही. मग चाक पार डावीकडे नेऊन त्याने दोरीने दाराला बांधलं आणि तो खाली शिरला. पीठ लाल होत होतं.

पाइप सोडवून त्याने तो उन्हात धरला.

“हाई देखा. चाक पार डावं गयं का पाइप लोखंडले घासस. इतलं डावं कोन धरी ठेवस?”

पाटलांनी खाटेची सैल दोरी ओढून घट्ट केली.

“मोठी माय धरे,” रमिलाबाई चटकन म्हणाली. “आते तं गाडीमा कोनीच बसत नही.”

हिलालने घासलेल्या जागेवर अंगठा फिरवला. रबराची ताजी काळी पूड अंगठ्याला लागली. त्याने गाडीत नजर टाकली. चाकामागच्या सीटवर कापसाचा पातळ थर बसला होता, मोडलेला नव्हता. शेजारची उजवी सीट मात्र स्वच्छ, वापरून चकचकीत झालेली. त्याने अंगठा पँटीला पुसला आणि पाइप थैलीत टाकला.

दोन दिवसांनी तो परत आला तो ट्रॅक्टरच्या जाड पाइपाचा तुकडा घेऊन. टोकांना जुनेच नट लेथवर बसवून आणले होते. पाइप लोखंडापासून दूर राहावा म्हणून त्याने तो सायकलच्या ट्यूबने बांधला. तेल भरलं. आता आतली हवा निघायला हवी होती. इंजीन चालू ठेवून कुणीतरी चाक दोन्हीकडे फिरवायचं, आणि त्याने वरून तेल बघायचं.

पाटील खाटेवरून उठले. उजवं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले आणि हात लांबवून त्यांनी चाकाची कड धरली. सवयीचा हात होता.

“तठेथून कसं व्हई, आबा? चाकना मांगे बठा.”

पाटलांनी हात काढला नाही.

“तठे ती बठस,” ते म्हणाले.

ओट्यावरच्या सुपाचा आवाज थांबला. हिलालने वरून तेलात डोकावून पाहिलं. मग तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

“मंग तिले जरासं सरकाले सांगा. हवा काढनी शे.”

पाटलांनी चाकावरचा हात काढला. मग ते उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि त्यांनी डावं दार उघडलं. दाराच्या वाऱ्याने सीटवरचा कापूस उठला, उन्हात जरा वेळ तरंगला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. पाटील चाकामागे बसले.

चाक फिरलं. त्यांच्या हाताखाली दुसरा हात असावा तसं फिरलं. तेलातले बुडबुडे कमी होत गेले.

“टोकले नेईसन दाबी धरू नका,” हिलाल म्हणाला. “टेकनं का जरासं सोडी द्या.”

रस्त्यावर नेऊन बघायला हवं होतं. हिलालने हात पुसले, उजवं दार उघडलं आणि तो थांबला. दार त्याने हळूच परत लावलं आणि मागे जाऊन बसला.

रमिलाबाईने फाटक उघडलं. फाटकाशी पाटलांनी चाक डावीकडे, प्रकाशाच्या रस्त्याकडे, नेलं. ते टेकलं. त्यांनी ते बोटभर सोडलं.