छोट्या खोलीतली खुर्ची

प्रेमाला वय नसतं. हे वाक्य मी एकोणपन्नासाव्या वर्षी लिहिलं. त्याआधी सुचलं नव्हतं, कारण गरज पडली नव्हती.

कादंबरी भरपूर खपली. प्राध्यापक, त्याची बावीस वर्षांची विद्यार्थिनी, डोंगरावरचं लाकडी केबिन, धुकं. नावं तेवढी बदलली होती. खरा प्राध्यापक मी, खरी विद्यार्थिनी ओडनी, आणि केबिन अजून माझंच आहे.

एकतीस वर्षांनी आता नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशनातल्या इल्वाने, म्हणजे माझ्या नव्या संपादिकेने, फोन केला.

"टोर्लाइव्ह, एक शंका आहे. ती 'हो' कुठल्या पानावर म्हणते?"

"अगं, म्हणायला कशाला हवं? नजर खाली घालते की."

"नऊ वेळा घालते. मान दुखत होती का तिची?"

"तो काळ वेगळा होता. न बोलता कळायचं."

"कोणाला?"

मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय.

"माझा नाही, तिचा. आणि तिचा प्रबंध त्याच्याच हातात असतो ना? नापास करू शकला असता तो?"

"तो विषय कथेत येतच नाही."

"तिच्या मनात आला असेल हो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली. पुरावा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे केबिनच्या वहीत चार ओळी लिहिल्याशिवाय कोणी निघत नाही. हवा कशी होती, काय खाल्लं, काय मोडलं. वहीत थापा चालत नाहीत. पुढचा माणूस लाकडं किती न्यायची ते तिच्यावरून ठरवतो. ओडनीबरोबर इथून निघालो त्या रविवारी मी माझ्या ओळी लिहिल्या, पेन तिला दिलं आणि गाडी गरम करायला गेलो. वहीचं ते शेवटचं पान. पुढच्या खेपेला नवी वही आली, जुनी न उघडताच केबिनमधल्या पेटीत गेली. म्हणजे ओडनीचा 'हो' तिच्याच अक्षरात तिथे पडून होता. फोटो काढायचा, इल्वाला पाठवायचा, की झालं.

छोट्या खोलीत ती खुर्ची तशीच होती. कादंबरीत ती गाजलेली आहे. ती या खोलीत झोपलेली, रात्री तो दार ढकलतो, आत खुर्ची धाडकन पडते, दोघं हसतात. उतावीळ प्रेमाचं प्रतीक, असं समीक्षकांनी लिहिलं. मी हसलो होतो, हे पक्कं आठवतं. ती हसली, हे मी लिहिताना ठरवलं.

पेटी उघडली. वर माझ्या ओळी: 'दोन सुंदर दिवस. आम्ही दोघंही अतिशय आनंदात.'

खाली ओडनी: 'रविवार. धुकं. खाली जाणारी बस उद्या. गाडीची किल्ली टोर्लाइव्हच्या खिशात. कोबी-मटण चांगलं झालं होतं. लाकडं दोन दिवसांची उरली आहेत.'

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. वही घेऊन मी छोट्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि खुर्चीची पाठ दाराच्या मुठीखाली सरकवून पाहिली. बरोबर बसली. घट्ट नाही; बाहेरून कोणी ढकललं, तर पडेल एवढीच.

खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही. उभ्यानेच वही पुन्हा उघडली. पानाच्या तळाशी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती.

'पुढच्या पाहुण्यांना विनंती: छोट्या खोलीला आतून कडी बसवावी. दोन स्क्रू पुरतील.'